लेन्स आमची, किल्ली त्यांची!

दोन लाख रुपये मोजून घेतलेल्या वस्तूचा स्क्रू सैल झाला, तर तो पिळण्याचा हक्क मालकाला नाही, मालकाच्या भरवशाच्या कारागिरालाही नाही. तो हक्क फक्त विकणाऱ्याला, तोही त्याला सवड होईल तेव्हा आणि तो म्हणेल त्या भावात! असा करार कोणी भर बाजारात पुढे केला तर आपण त्याला वेड्यात काढू. कॅमेऱ्याच्या बाजारात मात्र हा करार रोज होतो, हसतमुखाने होतो, आणि वर एक पिशवी फुकट मिळाली म्हणून आम्ही दुकानदाराचे आभार मानून बाहेर पडतो. या लाचारीचा आता वीट आला आहे. लेन्स बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी दुरुस्तीच्या नावाखाली जी मोगलाई चालवली आहे ती मोडली पाहिजे, आणि ज्या भोळसट हौशी मंडळींच्या जिवावर ती चालते त्यांचेही कान उपटले पाहिजेत. दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकू.

आधी घरचा आहेर. भिगवणचे रोहित, ताडोबाची वाघीण, दिवेघाटातली वारी आणि हरिश्चंद्रगडावरचे तारे यांच्यासाठी पगारातून पैसे बाजूला टाकणारा हौशी फोटोग्राफर लेन्स घेण्याआधी महिनोन्‌महिने अभ्यास करतो. कोपऱ्यात शार्पनेस किती, एफ २.८ ला बोके कसा पडतो, सूर्य समोर असताना फ्लेअर किती, सगळे तोंडपाठ. कॅनन श्रेष्ठ की निकॉन, आणि सोनीने त्या दोघांची कशी जिरवली, यावर टपरीवर चहा थंड होईपर्यंत हमरीतुमरी. पण याच विद्वानाला विचारा, बाबा रे, या लेन्सचे अपर्चर युनिट गेले तर ते कुठे मिळते? किती दिवसांत मिळते? केवढ्याला पडते? उत्तर नाही. प्रश्नच कधी पडलेला नाही! स्क्रीनवर दुपटीने मोठे करून पिसांचे तंतू मोजणाऱ्या या डोळ्यांना वॉरंटीच्या कागदावरचे बारीक टाइप तेवढे दिसत नाही. आणि ज्यांच्या शिफारशीवरून खरेदी होते ते परीक्षक? कंपनीने उसनी दिलेली लेन्स चार दिवस मिरवायची, 'अफलातून' म्हणायचे आणि तिने पहिला पावसाळा पाहण्याआधी ती परत करायची. त्या लेन्सचे म्हातारपण त्यांना कधी दिसतच नाही.

बरे, शार्पनेसच्या ज्या आलेखांवरून एवढे भांडण होते ते आलेख तरी कसले? कॅनन आणि निकॉन आपल्या लेन्सचे जे एमटीएफ आलेख छापतात ते रचनेच्या गणितातून, संगणकावर काढलेले असतात. कारखान्यातून बाहेर पडलेला नग यंत्रावर ठेवून मोजलेले नसतात. झाइस प्रत्यक्ष मोजलेले आलेख देते. सिग्माने २०१२ साली नवी मालिका आणली तेव्हा तिच्यातला प्रत्येक नग 'ए-१' नावाच्या स्वतःच्या यंत्रावर तपासून मगच बाहेर काढू असे जाहीर केले. म्हणजे मनात असले तर करता येते. अमेरिकेत लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्सचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलचे अनेक नग ऑप्टिकल बेंचवर मोजून वर्षानुवर्षे दाखवून दिले की दोन नग कधीच तंतोतंत सारखे नसतात. आतली एखादी काच केसभर तिरकी बसली की फोटोची डावी कड लख्ख आणि उजवी कड भुसभुशीत. बऱ्याच लेन्समध्ये हा तिरपेपणा काढण्यासाठी काचेखाली पातळ शिम असतात, त्या कमीजास्त करून काच सरळ करता येते. ग्राहकाने अशी लेन्स सर्व्हिस सेंटरवर नेली की मात्र ठरलेले उत्तर येते: 'लेन्स स्पेसिफिकेशनच्या आत आहे.' कोणते स्पेसिफिकेशन? किती तिरपेपणा चालतो? कागद दाखवा की! तो कागद गोपनीय. आरोपी तेच, न्यायाधीश तेच, आणि कायद्याचे पुस्तकही त्यांच्याच तिजोरीत.

आता पावसाकडे या. जाहिरातीतला फोटोग्राफर धो-धो पावसात उभा असतो, लेन्सवरून पाणी ओघळत असते आणि खाली ठळक अक्षरांत 'वेदर सील्ड' लिहिलेले असते. खोक्यातल्या वॉरंटीच्या कागदावर मात्र पाणी, ओल, वाळू आणि बुरशी यांनी झालेले नुकसान सरळ वगळलेले असते. मग सील कशाचे केले होते, ग्राहकाच्या तोंडाचे? कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर भिंतींना ओल धरते, चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, ती लेन्सला सोडील काय? लेन्स तिरकी धरून मागच्या काचेतून मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. समोरून स्वच्छ वाटणाऱ्या काचेच्या कडेला पांढुरके, फाटे फुटलेले तंतू दिसतात. सुरुवातीला ते पुसले तर निघतात. उशीर झाला की बुरशीतून पाझरणारे आम्ल कोटिंग खाते, आणि मग काच कितीही पुसली तरी तंतूंचा ठसा उठून राहतो. तेव्हा या दुखण्यावर औषध एकच, वेळेवर उघडून पुसणे. आणि नेमके तेवढेच करायला कंपनीची तयारी नसते.

आमच्याच एका झूम लेन्सची हकिगत सांगतो. कंपनीचे नाव घेत नाही, कारण त्या काउंटरवरची पाटी बदलली असती तरी कथा बदलली नसती. गणपतीच्या तोंडावर लेन्स दिली. ज्याला सर्व्हिस सेंटर म्हणतात ते निघाले कलेक्शन सेंटर. तिथे लेन्स उघडत नाहीत, खोक्यात घालून दुसऱ्या शहराला पाठवतात. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता, पण त्याच्या हातात पावतीपुस्तकापलीकडे काही नव्हते. यथावकाश एस्टिमेट आले: फ्रंट ग्रुप असेंब्ली, लेबर, वर १८ टक्के जीएसटी. बुरशी एका काचेवर, आणि बदलायचा अख्खा संच! 'नुसती पुसून द्या' म्हटले तर 'सर, तशी पॉलिसी नाही.' एस्टिमेट नाकारले तर उघडून पाहिल्याची फी भरा. होकार दिला तर पार्ट परदेशातून यायचा. दिवाळीचा फराळ संपला तरी लेन्सची स्थिती 'अवेटिंग पार्ट्स'. अखेर फी भरून ती तशीच परत आणली आणि फोर्टात, बोरा बाजारच्या बाजूला बसणाऱ्या एका कारागिराच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती आमच्या डोळ्यांदेखत उघडली, पुसली आणि संध्याकाळी हातात दिली.

त्या कारागिराचे टेबल एकदा नीट पाहून घ्या. पांढरे फडके अंथरलेले. जपानी स्क्रूंसाठी वेगळे स्क्रू-ड्रायव्हर, कारण त्यांची फुली आपल्या नेहमीच्या फिलिप्सपेक्षा जरा निराळी असते आणि चुकीचे टोक लावले की स्क्रूचे डोके झिजते. काचेभोवतीची रिंग सोडवायचा लेन्स स्पॅनर. ब्लोअर. आणि कडेला प्लास्टिकच्या डब्यांत मेलेल्या लेन्सचे अवयव. या डब्यांतच सगळी गोम आहे. कंपन्यांच्या अधिकृत दारातून पार्ट त्याच्या हाती पडत नाही, म्हणून तो बंद पडलेल्या लेन्स भंगाराच्या भावात घेतो आणि एकीचे काळीज काढून दुसरीला बसवतो. कॅननची २००५ साली आलेली ईएफ २४-१०५ एफ ४ एल घ्या, आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरांची जुनी सोबतीण. तिच्या अपर्चरला जोडणारी फ्लेक्स केबल वापरून वापरून तुटते हे दुरुस्तीवाल्यांच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. एफ ४ ला फोटो निघतो, अपर्चर जरा बारीक केले की कॅमेऱ्यावर 'एरर ०१'. ती केबल म्हणजे एक चिंचोळी पट्टी! कारागीर ती चीनमधून मागवत. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने अलीएक्स्प्रेसवर बंदी घातली आणि तीही वाट अरुंद झाली. कुकरची रिंग आणि शिट्टी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळते. दोन लाखांच्या लेन्सच्या झूम रिंगवरचे रबर आपल्या उकाड्याने फुगून सैल पडले, तर तेवढ्यासाठी सर्व्हिस सेंटरचे उंबरठे झिजवायचे! लाज कोणाला वाटायला हवी?

कंपन्यांचे वकील लगेच पुढे सरसावतील. म्हणतील, आजची लेन्स नाजूक, तिला कोलिमेटर लागतो, सॉफ्टवेअर लागते, गल्लीतला माणूस तिचा विचका करील. हा युक्तिवाद आम्ही ऐकून घेतला असता, जर कंपन्यांनीच तो खोटा ठरवला नसता. निकॉनचेच उदाहरण पाहा. १९५९ साली या कंपनीने लेन्स कॅमेऱ्याला जोडण्यासाठी एफ माउंट आणला. १९७७ साली त्यात कॅमेऱ्याला अपर्चर कळवण्याची 'एआय' पद्धत आली तेव्हा जुन्या लेन्स बाळगणाऱ्यांना तिने वाऱ्यावर सोडले नाही. जुनी अपर्चर रिंग बदलून लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालेल अशी करून देण्याची सोय कंपनीनेच माफक दरात ठेवली. ही निकॉनची पुण्याई, आणि ती आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. त्याच निकॉनच्या अमेरिकी शाखेने जुलै २०१२ पासून स्वतंत्र कारागिरांना पार्ट विकणे बंद केले. कारण सांगितले की कॅमेरे गुंतागुंतीचे झाले, खास हत्यारे लागतात. ठीक. मग ज्यांच्याकडे ती हत्यारे होती, ज्यांच्या पाटीवर तुमचाच शिक्का होता, त्या डझनभराहून अधिक अधिकृत दुकानांचे काय केले? ३१ मार्च २०२० नंतर त्यांचेही करार संपवले! एवढ्या खंडप्राय देशात कंपनीची स्वतःची दोन केंद्रे उरली, एक न्यूयॉर्क राज्यात आणि एक लॉस एंजेलिसच्या बाजूला. गुंतागुंत, हत्यारे, प्रशिक्षण ही सगळी कारणे आठ वर्षांत उघडी पडली. हवी होती ती मक्तेदारी, आणि ती मिळाली.

आणि ही मंडळी कोणत्या भाषेला भीक घालतात तेही ऐका. निकॉनचा डी६०० हा कॅमेरा २०१२ साली आला. त्याच्या सेन्सरवर डाग साठतात अशी ओरड जगभर झाली. कंपनीने वर्षभरात डी६१० काढला, पण आधीच्या गिऱ्हाइकांना धड कबुलीही दिली नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये, बराच गाजावाजा झाल्यावर, वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत सफाई आणि शटर बदलून देण्याची घोषणा झाली. मग १५ मार्चला चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात कंपनीचे धिंडवडे काढले, शांघायच्या अधिकाऱ्यांनी विक्री थांबवायला लावली, आणि त्यानंतर कुठे कंपनीची भाषा कॅमेराच बदलून देण्यापर्यंत नरमली. विनंतीने दीड वर्षात जे झाले नाही ते दंडुक्याने दोन आठवड्यांत झाले. आमच्या दिल्लीकरांनी हे टिपून ठेवावे.

वॉरंटीची मुदत हाही एक आरसाच आहे. अमेरिकेत टॅमरॉन आपल्या लेन्सला ६ वर्षांची वॉरंटी देते, निकॉन ५, सिग्मा ४. कॅनन आणि सोनी? एक! ज्यांच्या लेन्स इतक्या महाग, त्यांचा स्वतःच्या कामावरचा विश्वास सर्वांत तोकडा. त्यातही निकॉनची अमेरिकी शाखा 'ग्रे', म्हणजे दुसऱ्या देशाच्या बाजारासाठीच्या मालाला पैसे मोजूनही हात लावत नाही. न्यू जर्सीतला मामेभाऊ हजार-पाचशे डॉलर वाचवायला गेला आणि लेन्सवर चुकीच्या देशाचा शिक्का निघाला, तर त्याने ती लेन्स शोकेसमध्ये ठेवावी. माल विकताना यांना सारे जग एक, दुरुस्त करताना मात्र सीमेवर चौक्या.

हे पूर्वीही होते, मग आताच एवढा आरडाओरडा का, असे कोणी विचारील. कारण लेन्सच बदलली आहे. जुन्या निक्कोरचे ग्रीस सुकले तर रिंग जड फिरे, पण फोटो निघे. आजच्या बहुतेक मिररलेस लेन्समध्ये फोकस रिंग आणि आतली काच यांच्यात दांडाच उरलेला नाही, मधे मोटर आणि सर्किट आहे. वीज गेली की रिंग नुसती गरगर फिरते. बोर्ड गेला की लेन्स गेली. जपानी कंपन्यांचा रिवाज असा की उत्पादन थांबल्यावर साधारण पाच-सात वर्षे पार्ट ठेवायचे, पुढे राम राम. म्हणजे तीस वर्षे चालावी अशी काच दहा-बारा वर्षांत एका चिपपायी कचऱ्यात. आणि कंपनीने धंदाच गुंडाळला तर? क्योसेराने २००५ साली कॉन्टॅक्स बंद केला. सॅमसंगने एनएक्स कॅमेरे गाजावाजा करून आणले आणि काही वर्षांत गुपचूप आवरते घेतले. त्या लेन्स घेणाऱ्यांनी कुठे जावे?

दार बंद करण्याची ही खोड दुरुस्तीपुरती नाही. २०२२ साली कॅननने व्हिलट्रॉक्स या चिनी कंपनीला आरएफ माउंटच्या ऑटोफोकस लेन्स थांबवायला लावल्या. एप्रिल २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनसाठी दार किलकिले केले, तेही लहान सेन्सरच्या लेन्सपुरते. उलट सोनीने २०११ सालीच ई माउंटची मूलभूत माहिती इतर कंपन्यांना शुल्क न घेता खुली केली. सोनीचे दिवाळे वाजले काय?

आता सरकार. वाहनांच्या सुट्या भागांची हीच मोगलाई होती. २०११ साली शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देऊन त्यांनी ग्राहकाला आणि गॅरेजवाल्याला वेठीस धरले होते. पुढे अपिले झाली ती होवोत, पण एका माणसाच्या अर्जाने काय होते हे देशाने पाहिले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, वर्षअखेरीस पोर्टलही सुरू केले. क्षेत्रे निवडली चार: शेतीची अवजारे, मोबाइल-टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. कॅमेरा आणि लेन्स यांचे नाव त्यात नाही. का नाही? हौशी फोटोग्राफर मतपेटीत दिसत नाही म्हणून? अहो, ताडोबाच्या जिप्सीत बसणारा एक वेळ सोडा, पण तालुक्याच्या गावी लग्नाचे काम करणाऱ्या पोराचे पोट या लेन्सवर आहे. ऐन लग्नसराईत लेन्स 'अवेटिंग पार्ट्स' झाली तर त्याने मुहूर्त पुढे ढकलायला सांगायचे काय? मोठ्या व्यावसायिकांसाठी कंपन्यांनी खास सेवा ठेवल्या आहेत, त्यांचे काम रांग मोडून होते, बदली लेन्सही मिळते. रांग उरते ती या पोराला आणि आम्हाला.

आमची मागणी गुळमुळीत नाही. कॅमेरा आणि लेन्स यांना दुरुस्तीच्या हक्काच्या यादीत घाला. प्रत्येक लेन्सच्या सुट्या भागांची किंमत कंपनीने जाहीर करावी आणि ते भाग पैसे टाकणाऱ्या कोणत्याही कारागिराला विकावेत. सर्व्हिस मॅन्युअल आणि जुळणीचे सॉफ्टवेअर खुले करावे. 'स्पेसिफिकेशनच्या आत' म्हणायचे असेल तर ते स्पेसिफिकेशन आणि त्या नगाचे मोजमाप लेखी द्यावे. असेंब्ली बदलण्याआधी नुसती सफाई मागण्याचा हक्क ग्राहकाला असावा. आणि कलेक्शन सेंटरवर 'सर्व्हिस सेंटर'ची पाटी लावणे ही फसवणूक समजून तिच्यावर कारवाई व्हावी.

सरकार जागे होईतो हातावर हात ठेवून बसू नका. पुढची लेन्स घेताना दुकानदाराला शार्पनेसच्या आधी विचारा की ही उघडतात कुठे, पार्ट कुठून येतो, बुरशी नुसती पुसून देता की नाही, आणि उत्तर टाळले तर पैसे खिशात ठेवून बाहेर या. एस्टिमेट नेहमी लेखी घ्या, नकार लेखी घ्या, दुरुस्तीची तारीख पावतीवर लिहून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांपर्यंत दाद मागता येते. ज्यांच्या लेन्स आज कुठल्या तरी काउंटरमागे धूळ खात पडल्या आहेत, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी तक्रार लिहायला घ्यावी.